फॅमिकॉमवरचा डॉंकी कॉंग: तिन्ही टप्पे कसे पार करायचे

निन्टेन्डोने 1981 चा हा आर्केड गेम 1983 मध्ये फॅमिकॉम या आपल्या घरगुती गेम कन्सोलवर आणला, तेव्हा चारपैकी तीनच टप्पे उरले. सरकत्या पट्ट्यांचा 50 मीटरचा टप्पा गेला. तो शोधत बसू नका. सुरुवात मेनूतल्या सोप्या ‘गेम ए’ प्रकाराने करा.

25 मीटर: डॉंकी कॉंग या गोरिलाने सोडलेलं पिंप अगदी जवळ आलं की जागेवरूनच उडी मारा. लवकर मारलीत तर खाली येताना पिंप पायाखाली सापडतं. शिडीच्या तोंडाशी रेंगाळू नका, पिंपं शिडीनेही उतरतात. हातोडा हाती असताना उडी आणि चढणं दोन्ही बंद, म्हणून वेळ कमी असेल तर तो सोडून द्या. हातोडा वर उचललेल्या क्षणी समोरून आलेलं पिंपही मारून जातं.

75 मीटर: डावी लिफ्ट वर जाते, उजवी खाली. लिफ्टवर टोकापर्यंत बसून राहिलात की मेलात. खाली उतरतानाही जपा, थोड्या उंचीवरून पडलं तरी जीव जातो. वरच्या मजल्यावर उसळत येणारी स्प्रिंग डोक्यावरून गेली की लगेच धावा.

100 मीटर: आठ रिव्हेट, म्हणजे तुळया जोडणारे खिळे, काढायचे. त्यांवरून नुसतं चाललं तरी निघतात, पण मागे खाच राहते. परतताना ती उडी मारूनच ओलांडा. आगीच्या गोळ्यांना मात्र खाच ओलांडता येत नाही. गोळा मागे लागला की जवळचा रिव्हेट काढून पलीकडे जा, हाच या टप्प्यातला सर्वांत भरवशाचा डाव.