वाय-फायचा खरा सरासरी वेग घरच्या घरी कसा मोजावा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत रात्री वाय-फाय शोधलं की शेजारपाजारची वीस-पंचवीस नावं दिसतात. फोन लिंक स्पीड (राउटरशी जोडणीचा वेग) ४३३ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४३३ मेगाबिट, दाखवतो, फाइल मात्र रेंगाळते. ४३३ हा हवेतला कमाल दर असतो. चॅनल (वाय-फायची हवेतली वाट) मोकळा होण्याची वाट पाहणं, पोचपावत्या, हरवलेली पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पुन्हा पाठवणं यांत त्यातला बराच भाग खर्च होतो. उरतो तो थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा वेग, आणि मोजायचा तोच.

आधी एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, दुसरा वाय-फायवर ठेवा. इथे घाई करू नका. दोन्ही वाय-फायवर असले तर तोच डेटा त्याच हवेतून दोनदा जातो आणि वेग जवळपास निम्मा दिसतो. राउटरचा लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, तीही बघा. ती १०० एमबीपीएसची असेल तर आकडा ९४-९५ च्या वर जाणारच नाही, मग वाय-फाय कितीही चांगलं असो.

दोन्हींवर आयपर्फ३ हे मोफत साधन घाला. एकीकडे ते सर्व्हर (डेटा घेणारा) म्हणून चालवा, दुसरीकडे क्लायंट (पाठवणारा) म्हणून. मुळात चाचणी १० सेकंदांची असते, ती ६० करा आणि सुरुवातीचे दोन-तीन सेकंद वगळा, कारण टीसीपी (डेटा पोचवण्याची नेटवर्कची पद्धत) वेग हळूहळू वाढवतं. उलट दिशेनेही मोजा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर जाड भिंतीपलीकडच्या खोलीत नक्की मोजा.

आयपर्फ नको असेल तर मोठी फाइल कॉपी करून घड्याळ लावा. पण सरासरी काढताना जपा. १०० एमबीची (मेगाबाइटची) फाइल म्हणजे ८०० मेगाबिट, कारण एका बाइटमध्ये ८ बिट. पहिल्यांदा ८ सेकंद लागले, म्हणजे १०० एमबीपीएस. दुसऱ्यांदा ४० सेकंद, म्हणजे २०. यांची सरासरी ६० नव्हे! एकूण १,६०० मेगाबिट भागिले एकूण ४८ सेकंद, म्हणजे सुमारे ३३. वेगांची बेरीज करून दोनाने भागणं चालतं ते दोन्ही चाचण्या सारख्याच वेळाच्या असतील तेव्हाच.

आयपर्फ दर सेकंदाचा आकडाही दाखवतं. त्यातला सर्वांत कमी सरासरीशेजारी लिहून ठेवा. व्हिडिओ कॉल अडकतो तो त्याच सेकंदाला.