जुना अमेरिकी मृत्युदाखला कसा वाचावा

दाखला हाती आला की नजर थेट मृत्यूच्या कारणावर जाते. ती आवरावी. आधी राज्य आणि वर्ष पाहावे. अमेरिकेत मृत्युनोंदणी हे राज्यांचे काम. मॅसॅच्युसेट्सने १८४२ सालीच तसा कायदा केला, पण १९०० मध्ये जनगणना खात्याच्या ‘नोंदणी क्षेत्रा’त (म्हणजे ज्या भागांच्या मृत्युनोंदी खाते देशाच्या आकडेवारीत धरी त्यांत) अवघी १० राज्ये, राजधानी वॉशिंग्टन आणि काही शहरे होती, म्हणजे देशाची सुमारे ४० टक्के लोकसंख्या. टेक्सास १९३३ साली आले, तेव्हा ४८ राज्ये पुरी झाली. त्यामुळे एखाद्या गावचा १८९५ चा दाखला सापडला नाही, तर तो मुळात लिहिलाच गेला नसण्याची शक्यता धरावी. अशा वेळी १८५० ते १८८० च्या जनगणनांसोबतच्या मृत्युयाद्या चाळाव्यात. त्यांत जनगणनेआधीच्या, ३१ मेपर्यंतच्या बारा महिन्यांतले मृत्यू आहेत. घरच्यांना आठवले तेवढेच त्यात आले, म्हणून गळती बरीच.

१९१० नंतरच्या छापील नमुन्यात साधारण एका बाजूला व्यक्तीची माहिती आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरचा मजकूर असतो. दोन्हींचे सांगणारे वेगळे, म्हणून विश्वासही वेगवेगळा ठेवावा. जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, आईवडिलांचे जन्मस्थान हे सगळे ‘माहिती देणारा’ म्हणून सही करणाऱ्याने सांगितलेले असते. तो जावई किंवा शेजारी असेल, तर ही माहिती जनगणनेशी ताडून घ्यावी. मृत्यूची आणि दफनाची तारीख मात्र सहसा पक्की असते.

आता कारण. इथे तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात: मुख्य कारण, सहायक कारण आणि प्रत्येकापुढचा कालावधी. ऑक्टोबर १९१८ च्या दाखल्यात ‘लोबार न्यूमोनिया, ४ दिवस’ आणि त्याखाली ‘इन्फ्लुएंझा, ९ दिवस’ असे दिसले, तर क्रम उघड आहे: आधी फ्लू, पाच दिवसांनी फुफ्फुसे धरली. नुसती वरची ओळ उतरवून घेतली, तर १९१८ च्या फ्लूच्या साथीचा बळी त्या साथीच्या मोजणीतून निसटतो. मग समासातला, बहुधा वेगळ्या शाईतला आकडा शोधावा. तो मोजणी करणाऱ्या कारकुनाचा, आंतरराष्ट्रीय कारणसूचीतला क्रमांक. १९१० ते १९२० च्या सूचीत १० म्हणजे इन्फ्लुएंझा, ९२ म्हणजे न्यूमोनिया, २८ म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. १९२१ पासून सूची बदलली आणि इन्फ्लुएंझा ११ वर गेला. म्हणून आकडा वाचण्याआधी साल पुन्हा एकदा पाहावे. १९१८ ची साथ मोजायची असेल, तर फ्लू आणि न्यूमोनिया एकत्रच मोजावेत. दोघांत रेघ ओढणे त्या डॉक्टरांनाही जमत नव्हते.

जुनी नावे शब्दशः घेऊ नयेत. ‘कंझम्प्शन’ आणि ‘थायसिस’ म्हणजे क्षय. ‘एग्यू’ म्हणजे बहुतेकदा हिवताप, ‘लॉकजॉ’ म्हणजे धनुर्वात. ‘मेम्ब्रेनस क्रूप’ बऱ्याचदा घटसर्पच असे. ‘कॉलेरा इन्फँटम’ने सर्वांत जास्त गोंधळ होतो: याचा पटकीशी संबंध नाही. उन्हाळ्यात नासलेल्या दुधाने आणि दूषित पाण्याने तान्ह्या बाळांना लागणारी ही हगवण. जुलै-ऑगस्टमध्ये एकाच गल्लीत असे पाच-सहा दाखले दिसले, तर तिथली दुधाची आणि पाण्याची सोय तपासावी. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावरची सूज. ते लक्षण आहे, मूळ दुखणे हृदयाचे की मूत्रपिंडाचे ते त्यावरून कळत नाही. ‘हार्ट फेल्युअर’, ‘डेबिलिटी’, ‘ओल्ड एज’ अशी मोघम कारणे लिहू नयेत, ही सूचना दाखल्याच्या पाठीवर छापलेली असे. तरी ती लिहिली जात. तेव्हा अशा नोंदी ‘कारण अस्पष्ट’ या गटात टाकाव्यात, हृदयविकारात नव्हे.

अनेक दाखल्यांवरून दर काढायचा असेल, तर मृत्यूंना त्याच वर्षीच्या, त्याच भागाच्या लोकसंख्येने भागून १,००,००० ने गुणावे. सर्वांत मोठी चूक होते ती १९०० आणि १९३० च्या संपूर्ण नोंदणी क्षेत्राचे आकडे शेजारी ठेवल्याने. मधल्या काळात दक्षिणेकडची बरीच राज्ये आत आली, आणि हिवताप नि पेलाग्रा (निकृष्ट आहाराने होणारा रोग) तिथेच जास्त होते. त्यामुळे रोग न वाढताही आकडा वाढलेला दिसू शकतो. दोन्ही वर्षांत नोंदणीत असलेली राज्येच तुलनेला घ्यावीत. शहराचा दर काढताना ‘नेहमीचे राहण्याचे ठिकाण’ हा रकानाही पाहावा: मोठ्या इस्पितळात मेलेला शेतकरी शहराच्या खात्यात मांडला गेलेला असतो.