शेतात जेसीबी लावण्याआधी या चुका टाळा

सुगी आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जेसीबी रानात उतरतात. 'रान माझं, माती माझी, परवानगी कसली?' असं म्हणून काम सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

त्यातलं अर्धं खरं आहे. कर्नाटक भूमहसूल कायदा 1964 च्या कलम 95 प्रमाणे पीक चांगलं यावं म्हणून विहीर, तळं काढायला आणि जमीन सुधारायला शेतकऱ्याला मुभा आहे. पण माती टिप्परमध्ये चढून विकायला निघाली, की प्रश्न खाण व भूविज्ञान खात्याचा होतो. मुरूम कायद्यानं गौण खनिज, म्हणजे वाळू-दगडासारखं किरकोळ खनिज आहे. घर, रस्ता यांच्या भरावाची साधी मातीसुद्धा केंद्राच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने त्यात आली. रॉयल्टी (खनिजावर सरकारला भरायचं शुल्क) आणि वाहतूक परवान्याशिवाय गाडी सापडली तर ती जप्त होऊ शकते. भराव टाकून घर किंवा प्लॉट करायचा असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन एनए (बिगरशेती) करून घ्या.

महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे म्हणतात, 'तहसीलदाराकडे रॉयल्टी भर, झालं.' त्यांच्याकडे ते चालतं, पण राज्य बदललं की कायदा आणि खातं दोन्ही बदलतात. पलीकडची पावती इथं पुरत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी नाल्याची वाटते. उताऱ्यावर 'ब' खराबा (लागवडीला न धरलेली जमीन) दाखवला असेल, तर ती जागा नाला, वाट अशा सार्वजनिक वापराची असते. ती बुजवायचा हक्क तुम्हाला नाही. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगावच्या शिवारात शिरून भात कुजताना आपण पाहतोच. तुम्ही चार फूट भराव टाकलात, की तेच पाणी शेजाऱ्याच्या रानात तुंबतं आणि भावकीतलं भांडण कोर्टात जातं. म्हणून आधी मोजणी करून हद्दीचे दगड दाखवून घ्या, मगच जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स द्या.

परवानगीचा अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतो. एजंटानं बोट दाखवलं तिथं सही करू नका. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि कारण कन्नड येणाऱ्या घरच्या माणसाकडून वाचून घ्या.

गाडी अडवलीच तर हुज्जत घालू नका. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली काय लिहिली ते पाहा, कारण दंडाचा हिशेब त्यावरच बसतो. जुना खड्डाही तुमच्या नावावर मांडला असेल, तर सही करतानाच तशी हरकत लिहा आणि प्रत मागा. काम सुरू करण्याआधीचे फोटो इथंच उपयोगी पडतात.