ओ'हेअरहून शॅम्पेनला, टॅक्सीशिवाय

शॅम्पेन शहरातल्या इलिनॉय विद्यापीठात नव्याने येणारी मुलं घाबरून शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरूनच टॅक्सी करतात. अंतर २०० किलोमीटरहून जास्त, पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

१. टर्मिनल ५ वरून फुकट शटल ट्रेनने ब्लू लाइन मेट्रोपर्यंत या.
२. क्लिंटनला उतरा. युनियन स्टेशन तिथून चालत जाण्याजोगं आहे.
३. तिथून ॲमट्रॅक रेल्वेने शॅम्पेन, साधारण अडीच तास. तिकीट घरूनच काढून ठेवा, जागा भरत जातात तसा दर चढतो.

शॅम्पेनची सिटी बस आय-कार्ड (विद्यापीठाचं ओळखपत्र) असलेल्या विद्यार्थ्यांना फुकट आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी कार्ड घ्या.

मात्र दिवसाला रेल्वेगाड्या मोजक्याच. इमिग्रेशनची रांग लांबते, म्हणून विमान उतरल्यावर गाडी सुटेपर्यंत किमान चार तास हाताशी ठेवा. दोन जड बॅगा असतील तर मेट्रोच्या नादी न लागता विमानतळावरूनच शॅम्पेनची थेट बस घ्या.