नाकाबंदीच्या आधीचा रविवार

घरची गाडी नाकाबंदीला तयार आहे की नाही, हे बघायला रविवारची एक सकाळ पुरते. ओला फडका, मोबाइल आणि आरसी बुक घेऊन बसा. चाळिशी लागली असेल तर चष्माही घ्या, कारण चासिस नंबर फार बारीक असतो.

सुरुवात तिथूनच करायची. दुचाकीचा चासिस नंबर बहुतेक वेळा हँडलच्या मानेपाशी फ्रेमवर कोरलेला असतो, आणि दोन पावसाळे गेले की त्यावर ग्रीस-मातीचा असा थर चढतो की तिथे काही लिहिलंय हेच दिसत नाही. बाबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर काढायला मी रॉकेलचा बोळा घेऊन अर्धा तास खपलो. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. आरटीओतही असाच पेन्सिल ट्रेस घेतात. कागदावर एकेक आकडा उमटत गेला आणि शेवटून चौथ्या जागी ३ आला. आरसीवर त्या जागी ८. कुणीतरी कधीतरी मळ न पुसता नंबर वाचला असणार. बारा वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. दुरुस्तीसाठी तीन चकरा झाल्या, आणि तिन्ही वेळा वेगळ्या खिडकीवर तोच प्रश्न, ‘‘इतके दिवस काहून नाही सांगितलं?’’

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आता चौकात तुमचं पाकीट कुणी तपासत नाही. हवालदार मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकतो आणि ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद उघडतो. आरटीओचं वायुवेग पथकही तेच करतं. नाव, चासिस, विमा, पीयूसी, पासिंगची मुदत, थकलेली चालानं, सगळं त्याला तुमच्या आधी दिसतं. त्यामुळे तयारी करायची ती त्या नोंदीची. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि हवालदार बनून स्वतःचीच गाडी तपासा.

पहिली ओळ मालकाच्या नावाची, आणि आपल्याकडे सर्वात जास्त घोळ तिथेच आहे. गाडी बाबांच्या नावावर, बाबा जाऊन वर्षं झालेली, चालवतो मुलगा. नियम तसा माणुसकीचा आहे. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवलं, तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकी भावंडांचं ना-हरकत. तेराव्याच्या गडबडीत स्कूटर कुणाला आठवते? मी दोन वर्षं तशीच चालवली, हे कबूल करतो. तुम्ही तसं करू नका. नवीन गाडी घेत असाल तर २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नामनिर्देशन करता येतं. शोरूमवाला स्वतःहून विचारेलच असं नाही, आपणच सांगायचं.

जुनी गाडी विकली असेल तर ही ओळ आणखी नीट वाचा. ‘टीटीवर सही करून दिली’, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर सही झाली, की गाडी विकली असं आपण समजतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले, चहा झाला, विषय संपला. पण कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी बाईक विकली आणि ते कोऱ्या टीटीवर सह्या देऊन मोकळे झाले. पुढे कोणी तरी पोरगा ती बाईक घेऊन वर्धा रोडवर ट्रिपल सीट फिरत होता आणि चालानं काकांच्या मोबाइलवर येत होती. रात्री अकराला मेसेज वाजला की काकू म्हणायच्या, ‘‘पाहा, तुमची बाईक फिरून राहिली.’’ डीलरला विकत असाल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. त्याची पोच जपून ठेवा.

मग मोबाइल नंबर. नोंदीत जुना किंवा एजंटचाच नंबर असेल तर तुम्हाला चालानही कळणार नाही आणि कुठल्याही कामाचा ओटीपीही येणार नाही. एजंटचा नंबर निघाला तर दचकू नका, घरोघरी हीच कथा. आधी तो बदला, कारण पुढची सगळी ऑनलाइन कामं त्यावरच चालतात. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ३३, मुदत ३० दिवस. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. हप्ते संपल्याच्या आनंदात हे काम हमखास राहतं आणि गाडी विकायच्या दिवशी आठवतं.

कुठल्या ऑफिसात जायचं, हे निघण्याआधी बघा. आमच्या नागपुरात एमएच-३१ म्हणजे गिरीपेठ, एमएच-४९ म्हणजे पूर्व नागपूर, एमएच-४० म्हणजे ग्रामीण. कामठी-बुटीबोरीकडची माणसं गिरीपेठच्या रांगेत तास घालवून परत फिरताना मी पाहिली आहेत.

नागपूर सीमेजवळचं शहर असल्यानं परराज्याच्या नंबरचा विषय इथे मोठा आहे. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, रायपूरहून नोकरी-शिक्षणाला आलेले लोक एमपी-सीजीच्या पाट्या वर्षानुवर्षं फिरवतात. गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, मग इथे फॉर्म २७ आणि इथला कर. तिकडे भरलेला कर आपोआप इकडे वळत नाही. तिथे परताव्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि तो करायला बहुतेकजण विसरतात किंवा कंटाळतात. येऊन चार-सहा महिनेच झाले असतील तर बदलीचा आदेश, कॉलेजच्या प्रवेशाची पावती, फास्टॅगची नोंद असं काही मोबाइलमध्ये ठेवा. ‘‘आत्ताच आलो साहेब’’ हे वाक्य चौकात रोज शंभरदा ऐकू येतं. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच ही नंबरांची मालिका आहे, राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो: सरकारी नोकर, सैन्यातले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालय असलेल्या खासगी कंपनीतले.

आता फडका नंबरच्या पाटीवर फिरवा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी (एचएसआरपी) कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्यानं ३१ मार्च २०२५ ही तारीख दिली आणि मग ती बऱ्याचदा पुढे सरकवली, त्यामुळे ‘अजून वाढेल की’ म्हणणाऱ्यांची फौज तयार झाली. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, चारचाकीला ७४५ आणि जीएसटी. इतक्या पैशांत आपण महिन्यातून दोनदा बाहेर जेवतो. अस्सल पाटीवर डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला दहा अंकी-अक्षरी क्रमांक आणि निळ्या रंगात आयएनडी असतं. ती स्क्रूनं बसवत नाहीत, स्नॅप लॉकनं बसवतात, आणि ते एकदा काढलं की परत बसत नाही. म्हणून कोपऱ्यावरचा पाटीवाला ‘‘सेम टू सेम करून देतो’’ म्हणाला तरी त्याच्याकडे जाऊ नका. त्याची पाटी दिसायला तशी असते, पण तिची नोंद कुठेच नसते. चारचाकीला पुढच्या-मागच्या पाटीखेरीज समोरच्या काचेवर आतून तिसरं स्टिकर हवं: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. जुन्या गाडीला ही पाटी नसेल तर नाव बदल, पत्ता बदल, बोजा उतरवणं ही कामंही अडतात, म्हणून क्रम लावताना पाटी आधी.

चार-एक-चार-एकचा ‘दादा’ करणाऱ्यांना काय सांगावं? नंबर लाखात घेतला असेल तरी आकडे आकड्यांसारखेच दिसले पाहिजेत. मराठी आकड्यांची पाटी मलाही आवडते, पण नियमात ती बसत नाही.

पासिंगची मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. दुचाकीला उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये चढतात, शिवाय पर्यावरण कर. सन २०१० च्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता याच टप्प्यात आहेत आणि घरातल्या कुणालाच वर्ष आठवत नसतं. मुदत संपली की गाडी विनानोंदणी धरली जाते. अशी गाडी पहिल्यांदा सापडली तर २ ते ५ हजार दंड, पुन्हा सापडली तर १० हजारांपर्यंत आणि कैदही होऊ शकते. शिवाय गाडी अडकवून ठेवतात, आणि तो त्रास दंडापेक्षा जास्त.

विमा आणि पीयूसी दोन्हींच्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरात टाका, बस.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी मात्र थांबा. ‘‘याला पासिंग लागत नाही’’ हे दुकानदाराचं वाक्य २५ किलोमीटर वेग आणि २५० वॉट मोटर या मर्यादेतल्या गाडीपुरतंच खरं आहे. तुमची गाडी अंबाझरीच्या चढावर ४० नं पळत असेल तर तिला नंबर हवा, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. बिलावर वॉट आणि वेग लिहून घ्या.

दसऱ्याला नवीन गाडी घरी आणायची असेल तर पैसे आणि कागद आठवडाभर आधी द्या. नंबर पडल्याशिवाय शोरूमनं गाडी बाहेर द्यायची नसते, आणि मुहूर्ताच्या सकाळी सर्व्हरवर अख्ख्या शहराचा लोड असतो. हार-लिंबू नंतरही बांधता येतात.

शेवटी मोबाइल. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी मूळ कागदासारखीच चालते, व्हॉट्सॲपवर मागवलेला फोटो चालत नाही. आरसी आधीच उघडून ठेवा, पुलाखाली नेटवर्क जातं. आणि मे महिन्यात फोन डिक्कीत ठेवू नका, पंचेचाळीस डिग्रीत तो तापून बंद पडतो आणि नेमका तेव्हाच साहेब हात दाखवतात.