गुडघ्यात जेलचं इंजेक्शन ठरलंय? आधी एवढं करून ठेवा

गेल्या मे महिन्यात आईच्या उजव्या गुडघ्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन दिलं. आमच्याकडे त्याला जेलचं किंवा वंगणाचं म्हणतात. सांध्याच्या पाण्यात हा चिकट पदार्थ मुळातच असतो. झीज वाढली की तो कमी होतो, पाणी पातळ होतं, म्हणून बाहेरून भरतात. सुईला पाच मिनिटं लागली. तयारीतली निम्मी कामं मात्र आम्हाला ऐन वेळी सुचली. तुमची तशी धावपळ होऊ नये.

आधी डॉक्टरांशी अपेक्षा बोलून घ्या. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकावरची गुळगुळीत गादी, याने परत येत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ मध्ये हे सरसकट देऊ नये असं सांगितलं. २०२२ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात औषध नसलेल्या, नुसत्या नावाच्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं जेमतेम कमी झालेलं दिसलं. तरी काहींना काही महिने बरं वाटतं. आम्ही आईला हे सगळं सांगितलं. "जिना उतरता आला तरी पुष्कळ," म्हणत तिनेच होकार दिला. पोरांनी परस्पर ठरवू नये, गुडघा तिचा आहे.

त्याच भेटीत विचारून घ्या, इंजेक्शन एकदाच आहे की दर आठवड्याला एक असे तीन किंवा पाच, आणि एकूण खर्च किती. काही कंपन्या हे जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात, काही जिवाणूंपासून. अंडं किंवा चिकन सोसत नसेल तर न विसरता सांगा. सोबत स्टिरॉइड देणार असतील तर डायबेटिस असलेल्यांनी साखरेचं विचारावं, कारण स्टिरॉइडने ती काही दिवस वाढते. रोजच्या गोळ्या पिशवीत भरूनच न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका. उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत असू द्या.

आदल्या रात्री गुडघा उजेडात नीट बघा. फोड, गजकर्ण, खाजवून झालेली जखम किंवा अंगात ताप असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला. जंतू सांध्यात शिरले तर फार महागात पडतं. सैल सलवार किंवा साडी घाला.

इंजेक्शन तुम्हालाच मेडिकलमधून आणायला सांगितलं असेल तर नागपूरच्या उन्हाचा विचार करा. खोक्यावर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा, गोठवू नका असं छापलेलं असतं, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. गाडीच्या डिक्कीत ते क्षणभरही ठेवू नका. आम्ही दुकानदाराकडून थंड पिशवी घेतली, बर्फ आणि खोक्याच्या मध्ये टॉवेलची घडी घातली आणि सकाळी नवाच्या आत पोचलो.

दवाखाना कितव्या माळ्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हेही आधी विचारा. आमची तिथेच चूक झाली. लिफ्ट बंद होती, आणि आई कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत दोन माळे चढली. तिचा कपाळावरचा घाम अजून डोळ्यांपुढे येतो. परतीचा ऑटो ठरवून ठेवा, स्वतः गाडी चालवू नका.

पुढचे दोन दिवस घर बदलावं लागतं. पाट उचला, खुर्ची मांडा, भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. जड बादली उचलणं नाही, तासभर सलग उभं राहणं नाही. आईला पोळ्यांपुढून उठवणं सगळ्यात कठीण गेलं, म्हणून मावशीलाच बोलावून घेतलं. थोडी सूज, ठणका येतो, तेव्हा कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. पण गुडघा लाल, गरम झाला, दुखणं वाढतच गेलं किंवा ताप आला तर घरी वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहात एक आकडा द्यायला लावा. फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून हे इंजेक्शनच्या आठवडाभर आधीच सुरू करा, नाहीतर तुलना कशाशी करणार?