लॉगिन सर्व्हर स्वतः लिहू नका, कीक्लोक लावा

नवीन वेब ॲप करताय ना, मग लॉगिन, पासवर्ड रिसेट, गूगलने साइन-इन हे सगळं हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका, मी पडलोय, दोन आठवडे गेले आणि शेवटी सगळं फेकून दिलं. कीक्लोक हा लॉगिनचं हे सगळं काम सांभाळणारा तयार सर्व्हर आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

डॉकर (सॉफ्टवेअर तयार पॅकेजमधून चालवायचं साधन) असेल तर कीक्लोकची इमेज, म्हणजे तयार पॅकेज, 'स्टार्ट-डेव्ह' मोडमध्ये चालवा, ॲडमिनचं नाव-पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा 8080 पोर्ट उघडा. आत गेलात की आधी नवीन रेल्म (युजर आणि ॲप्सचा वेगळा कप्पा) करा, मास्टर रेल्म फक्त ॲडमिनसाठी असतो, तिथे आपलं ॲप घुसवायचं नाही. मग क्लायंट बनवा, म्हणजे कीक्लोकमध्ये आपल्या ॲपची नोंद करा. रिॲक्टसारखं ब्राउझरमधलं ॲप असेल तर क्लायंट ऑथेंटिकेशन बंदच ठेवा, कारण ब्राउझरमध्ये सीक्रेट (ॲपची गुप्त किल्ली) लपत नाही, त्याऐवजी पीकेसीई (दर लॉगिनला ॲप नवा तात्पुरता कोड बनवतं, त्यावरून होणारी पडताळणी) वापरा.

आता खरी डोकेदुखी, रिडायरेक्ट यूआरआय, म्हणजे लॉगिननंतर कीक्लोक युजरला ज्या पत्त्यावर परत पाठवतो तो. इथे ९० टक्के नवखे अडकतात असं माझं आपलं मत. शेवटचा स्लॅश, पोर्ट, एचटीटीपी की एचटीटीपीएस, सगळं जुळायला हवं, आणि लोकलहोस्ट लिहून 127.0.0.1 वरून ॲप उघडलंत तरी एरर येणारच. कंटाळून नुसता स्टार (*, म्हणजे कुठलाही पत्ता चालेल) टाकू नका बरं का, टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल पास) भलतीकडे जाऊ शकतं. सीओआरएसची एरर (दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरचं उत्तर ब्राउझर ॲपला वाचू देत नाही ती) आली तर क्लायंटमधलं वेब ओरिजिन्स सेटिंग बघा.

ॲक्सेस टोकन मुळात 5 मिनिटांचं असतं, त्यामुळे रिफ्रेशचा, म्हणजे नवं टोकन घ्यायचा, कोड लगेच लिहा. लाइव्ह जाताना मात्र पोस्टग्रेस डेटाबेस आणि एचटीटीपीएस लावा, डेव्ह मोड तसाच सोडू नका.